मंदी, सावकार आणि मंत्रिमंडळ

हिंदुस्थानातील खाणींतून १९२७ साली ११ लक्ष टनांहून अधिक मँगनीज बाहेर पडले आणि १९३२ साली तोच आकडा २ लक्ष टनांच्या जरासा वर येऊन थांबला, ही एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी ज्या जागतिक मंदीचे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारापासून सुरू होऊन बहुधा तेथेच संपते, ती मंदी बालाघाट जिल्ह्याच्या उंबरठ्याशी कोणत्या रूपाने येऊन उभी राहिली असेल याची कल्पना येते. कारण ह्या उत्पादनातील सिंहाचा वाटा मध्यप्रांताचा होता, आणि मध्यप्रांतात भरवेली, उकवा, तिरोडी, रामरमा ही बालाघाटची गावे नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील खाणींच्या बरोबरीने नांदत होती. मँगनीजचा उपयोग मुख्यतः पोलादात. अमेरिकेत व युरोपात पोलादाच्या भट्ट्या विझू लागल्या तेव्हा मँगनीजला गिऱ्हाईक राहिले नाही. आणि जे थोडेबहुत गिऱ्हाईक उरले त्याला रशियाने काळ्या समुद्राच्या बाजूने आपला माल पडेल भावाने पुरवण्यास मंदीच्या आधीच प्रारंभ केला होता.

ह्या खाणींतले काम त्या काळी बहुतांशी हाताचे. सुरुंगाने खडक सुटा करावयाचा, घणाने व हातोडीने फोडावयाचा, काळे व हाताला जड लागणारे मँगनीज आणि निरुपयोगी दगड नजरेने पारखून निरनिराळे करावयाचे, टोपल्यांनी वाहून त्याचे ढीग रचावयाचे आणि त्या ढिगांच्या मापावर ठेकेदाराकडून मजुरी घ्यावयाची, असा तो क्रम असे. त्यात पुरुषांइतक्याच स्त्रियाही राबत. अशा कामात मंदी आली म्हणजे नोटीस देण्याचे, पगार कापण्याचे किंवा कामगारांशी वाटाघाटी करण्याचे कारण पडत नाही. पुढच्या आठवड्यात ढीग मोजण्यास कोणी येत नाही, एवढेच होते. मजुरांपैकी बहुतेक आसपासच्या खेड्यांतले असल्यामुळे ते मुकाट्याने आपापल्या गावी परतले, आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद बेकार म्हणून कोठेही झाली नाही. मध्यप्रांताचे मँगनीज समुद्रापर्यंत जवळच्या वाटेने नेता यावे हा ज्याचा एक प्रधान हेतू होता, ते विशाखापट्टणचे नवे बंदर १९३३ साली, म्हणजे नेमके मँगनीजला कोणी विचारीत नव्हते अशा वेळी, खुले झाले. मोठ्या योजनांच्या नशिबी असे विनोद पुष्कळदा येतात.

खाणीतून परतलेला मजूर ज्या खेड्यात आला त्याची अवस्था काय होती? वैनगंगेच्या खोऱ्यातला वारासिवनी, कटंगी, लांजीकडचा मुलूख हा धानाचा. बांध्या, बोड्या आणि तलाव यांवर त्याचे सारे अर्थशास्त्र उभे. समजा, ह्या मुलखातील एखाद्या शेतकऱ्याने १९२८ साली मुलीच्या लग्नासाठी ४० खंडी धानाची जेवढी किंमत होईल तेवढे रुपये सावकाराकडून काढले. पुढे तीन वर्षांत धानाचा भाव निम्म्यावर आला, आणि शेतमालाचे भाव त्या सुमारास देशभर तितकेच कोसळले होते, तर तेच मुद्दल फेडण्यास त्याला ८० खंडी धान विकणे प्राप्त झाले, आणि व्याज आणखी निराळे. सावकाराने व्याजाचा दर वाढवला नाही, खातेवहीत खाडाखोड केली नाही, अंगठा फसवून घेतला नाही; तरीही कर्ज दुपटीने वाढले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये असा जो दामदुपटीचा जुना दंडक आपल्या धर्मशास्त्राने घालून दिला होता, तो लोभी सावकारावर अंकुश ठेवू शकत होता. रुपयाचीच किंमत वाढली तर काय करावयाचे, याचे उत्तर त्यात नव्हते. सरकारचा सारा आणि मालगुजाराचे लगान ह्यांचीही गत तीच, कारण तीही रुपयांतच ठरलेली आणि बंदोबस्ताच्या मुदतीपर्यंत कायम. गंमत अशी की ज्याने बियाण्याचे धान सवाईने किंवा दिढीने उचलले होते आणि ज्याची निंदा अर्थशास्त्राचे पंडित पिळवणुकीचा नमुना म्हणून करीत, तो धानाने घेऊन धानाने फेडणारा गरीब कास्तकार ह्या एका बाबतीत रुपयाच्या ऋणकोपेक्षा सुरक्षित राहिला.

आता हाच हिशेब एका अख्ख्या राष्ट्राला लावून पाहावा. ऑस्ट्रेलिया हा त्या काळी लोकर आणि गहू विकून जगणारा आणि रेल्वे, धरणे, बंदरे बांधण्यासाठी लंडनच्या बाजारातून कर्ज काढणारा देश. लोकरीचे व गव्हाचे भाव निम्म्यावर आले तेव्हा लंडनच्या रोखेधारकांचे व्याज मात्र पौंडांत जसेच्या तसे उभे राहिले. योगायोग असा की मजूर पक्षाचे नेते जेम्स स्कलिन यांनी १९२९ च्या ऑक्टोबरात निवडणूक जिंकून प्रधानमंत्रिपदाची शपथ घेतली आणि अवघ्या काही दिवसांत न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. कनिष्ठ सभागृहात त्यांचे बहुमत, परंतु सिनेट विरोधकांच्या हाती. आणि नोटा छापण्याचा अधिकार ज्या कॉमनवेल्थ बँकेकडे होता, तिचे अध्यक्ष सर रॉबर्ट गिब्सन हे सरकारचे ऐकण्यापेक्षा सरकारला ऐकवणारे गृहस्थ. १९३० साली बँक ऑफ इंग्लंडचे सर ओटो निमायर लंडनहून आले आणि त्यांनी मेलबर्न येथे प्रांतोप्रांतीच्या मुख्यमंत्र्यांना समोर बसवून, तुमचे राहणीमान तुमच्या ऐपतीपेक्षा अधिक आहे, तेव्हा खर्च कापा आणि अंदाजपत्रके समतोल करा, असा उपदेश केला. सावकाराचा कारकून वसुलीला येऊन घरच्या यजमानाला काटकसरीचे धडे देऊ लागला म्हणजे घरात जे वातावरण होते, तेच त्या देशात झाले.

मजूर पक्षाची येथून तीन शकले झाली, आणि प्रत्येक शकलापाशी त्या एकाच प्रश्नाचे निराळे उत्तर होते. अर्थमंत्री एडवर्ड थिओडोर यांचे म्हणणे असे की सरकारने मर्यादित प्रमाणात नव्या नोटा काढून बेकारांस काम आणि गव्हाच्या शेतकऱ्यांस मदत द्यावी, म्हणजे भाव वर येतील व कर्जाचे ओझे आपोआप हलके होईल. सिनेटने व बँकेने ती योजना हाणून पाडली. न्यू साऊथ वेल्सचे मुख्यमंत्री जॅक लँग हे उंचापुरे, आवाजाने आणि स्वभावाने कडक असे पुढारी. त्यांनी १९३१ च्या प्रारंभी सांगून टाकले की लंडनच्या रोखेधारकांना व्याज देणे थांबवावे आणि देशांतर्गत कर्जाचे व्याज ३ टक्क्यांवर आणावे. आणि जोसेफ लायन्स हे मंत्री, एकदा शब्द दिला म्हणजे राष्ट्राने तो पाळलाच पाहिजे ह्या निष्ठेने, मंत्रिमंडळ व नंतर पक्षही सोडून विरोधकांत गेले व तेथे नव्या पक्षाचे पुढारी झाले. मधल्यामध्ये सापडलेल्या स्कलिन यांनी १९३१ च्या जूनमध्ये सर्व मुख्यमंत्र्यांच्या संमतीने जी योजना पत्करली तिच्यात सरकारी खर्च २० टक्के कापणे, वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही कात्री लावणे आणि त्याचबरोबर देशांतर्गत रोख्यांवरील व्याज २२.५ टक्क्यांनी उतरवणे, अशी कलमे होती. मजुराचे वेतन कापले, म्हाताऱ्याचे वेतन कापले, तर धनकोचेही थोडे कापा, एवढी न्यायबुद्धी तिच्यात होती. परंतु लंडनच्या धनकोला तिने हात लावला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लँगच्या अनुयायांनी विरोधकांना मिळून स्कलिन यांचे सरकार पाडले आणि निवडणुकीत लायन्स प्रधानमंत्री झाले.

लँग मात्र हटले नाहीत. त्यांनी व्याज चुकते करावयाचे नाकारले, केंद्र सरकारने ते स्वतः भरून त्यांच्या तिजोरीवर वसुलीचा कायदा केला, तेव्हा त्यांनी आपल्या नोकरांना पैसा केंद्राकडे भरू नये असे हुकूम सोडले. आणि १३ मे १९३२ रोजी गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी, विधिमंडळात बहुमत असलेल्या ह्या मुख्यमंत्र्यांना, तुमचा हुकूम बेकायदा आहे ह्या कारणावरून बडतर्फ केले. त्या वर्षी मजूर संघटनांच्या सभासदांपैकी जवळपास ३० टक्के बेकार होते. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत लँग यांचा मोठा पराभव झाला. उपाशी माणूस नेहमी बंडखोराच्याच बाजूला जातो असा जो आपला समज असतो, त्याला ह्या निकालाने बाध येतो.

एक गोष्ट मात्र ह्या सर्व पक्षोपपक्षांच्या गदारोळाबाहेर, जवळजवळ गुपचूप घडली. १९३१ च्या जानेवारीत बँक ऑफ न्यू साऊथ वेल्स ह्या एका खाजगी बँकेच्या आल्फ्रेड डेव्हिडसन नामक व्यवस्थापकाने ऑस्ट्रेलियन पौंडाचा भाव पाडला, आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडचे १०० पौंड घेण्यास ऑस्ट्रेलियाचे १३० पौंड पडू लागले. लंडनमध्ये विकलेल्या लोकरीचे घरी आल्यावर तितके अधिक पैसे झाले. माझ्या मते तेथील शेतकऱ्याला कोणत्याही मंत्र्याच्या भाषणापेक्षा ह्या एका निर्णयाने अधिक हात दिला.

हिंदुस्थानात ह्याच वेळी नेमके उलटे चालले होते. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीवरून १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव १८ पेन्स असा ठरवून टाकलेला. तो १६ पेन्स असावा असे त्या आयोगातील आपले प्रतिनिधी सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिकेत परोपरीने सांगितले होते. ठाकूरदास कापसाच्या व्यापारातले. महाग रुपया म्हणजे वऱ्हाडच्या कापसाला आणि बालाघाटच्या मँगनीजला परदेशी कमी रुपये, हा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागत नव्हता. १९३० च्या प्रारंभी महात्माजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत मीठ, दारूबंदी यांच्या जोडीला विनिमयाचा दर १६ पेन्सवर आणणे आणि शेतसारा निम्मा करणे ह्याही होत्या. चरखा आणि विनिमयाचा दर एकाच कागदावर मांडणारा पुढारी लाभणे ही काही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडने १९३१ च्या सप्टेंबरात सुवर्णचलन सोडले तेव्हाही रुपया त्याच १८ पेन्सच्या दाव्याने पौंडाला बांधून ठेवण्यात आला, आणि देशभरच्या शेतकऱ्यांच्या घरातले सोने, बायकांच्या गळ्यातले मणीसुद्धा, सराफाकडून मुंबईस व मुंबईहून लंडनला वाहू लागले.

ह्या काळातली सरकारी उपाययोजना म्हणजे खर्चकपात आणि करवाढ. १९३१ च्या शरदात अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी पूरक वित्तविधेयक आणून बहुतेक करांवर २५ टक्के अधिभार बसवला, आणि नोकरांच्या पगारात १० टक्के कपात करण्यात आली. मध्यवर्ती असेंब्लीने ते विधेयक फेटाळले. फेटाळले म्हणून काय झाले? व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी आपल्या सहीचे प्रमाणपत्र जोडून ते अमलात आणले. ऑस्ट्रेलियात अशाच उपायांवरून एक पक्ष फुटला, मंत्री बाहेर पडले, सरकार कोसळले, लोकांनी मतपेटीत कौल दिला; दिल्लीस एक सही झाली. आपल्याकडे मंदीच्या ऐन वर्षांत आर्थिक प्रश्नावरून पक्ष का फुटले नाहीत, याचे कारण आपले पुढारी अर्थशास्त्रात कच्चे होते असे नव्हे. ज्या गोष्टीवरून भांडावयाचे ती गोष्टच कोणत्याही पक्षाच्या हाती नव्हती. भांडण झाले ते रानात. १९३० च्या पावसाळ्यात लोकनायक अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला, आणि ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे गोळीबार होऊन माणसे मेली. गवत, लाकूड, चराईची फी ह्या गोष्टी खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या हातातल्या होत्या. विनिमयाचा दर त्याच्या हातात नव्हता.

प्रांताच्या हाती जे होते ते एवढेच: सावकार आणि कूळ यांच्यामधला करार. समेटाच्या कायद्याने त्याला हात घालण्यात मात्र मध्यप्रांत साऱ्या हिंदुस्थानच्या पुढे होता, ही गोष्ट नागपूर-विदर्भातल्या सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते. १९३३ साली, काँग्रेसने बहिष्कार टाकलेल्या कौन्सिलात, मध्यप्रांताचा ऋण-समेट कायदा संमत झाला; पंजाब, बंगाल, आसाम, मद्रास ह्या प्रांतांनी तो धडा पुढील दोन-तीन वर्षांत गिरवला. पाठोपाठ १९३४ साली सावकारांचा कायदा येऊन त्यांना हिशेब ठेवणे व तो कुळाला देणे भाग झाले.

ह्या समेट-मंडळांचे काम समजून घेण्यासारखे आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याने मंडळाकडे अर्ज करावयाचा, त्यात आपल्या देण्याची व मालमत्तेची यादी द्यावयाची. मग मंडळ सर्व सावकारांना नोटिसा पाठवून ठरल्या मुदतीत आपापले दावे कागदपत्रांसह मांडण्यास फर्मावी. जो सावकार नोटीस मिळूनही आला नाही तो आपले येणे गमावून बसण्याचा संभव, म्हणून लाल कापडात बांधलेल्या वह्या काखेत मारून सारे हजर. मंडळावर एक अध्यक्ष आणि काही सभासद. त्यांनी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून, मुद्दल किती, व्याज किती, आजवर फेड किती, जमिनीतून निघते किती, असे उकलत उकलत रक्कम खाली आणावयाची आणि हप्ते पाडून द्यावयाचे. मंडळ हे न्यायालय नव्हे. ते सक्ती करू शकत नव्हते. पण कायदा करणाऱ्याने त्यात दोन खिळे मोठ्या शहाणपणाने ठोकले होते. एकूण कर्जापैकी ४० टक्के ज्यांचे आहे तेवढे सावकार कबूल झाले की करारनामा नोंदला जाई, आणि आडमुठ्या सावकारांना आपल्या वसुलीसाठी त्या करारातील हप्ते फिटेपर्यंत वाट पाहावी लागे. दुसरे असे की कुळाने वाजवी रक्कम देऊ केली असता सावकाराने ती नाकारली, तर मंडळ कुळाला तसा दाखला देई. मग त्या सावकाराने दिवाणी दावा लावलाच तर त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि पुढील व्याज सरळ ६ टक्क्यांहून अधिक मिळत नसे. कोर्टाच्या पायरीला न भिणारा सावकार ह्या दाखल्याला भिई. कराराप्रमाणे ठरलेली रक्कम मात्र साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शके, आणि येथेच कुळाच्या गळ्याला नवा फास होता. कारण हप्ता ठरला तो धानाचे भाव सावरतील ह्या आशेवर, आणि भाव तर बरीच वर्षे सावरलेच नाहीत.

मंडळांनी कर्जाचे आकडे पुष्कळ खाली आणले यात संशय नाही. परंतु ज्या सावकाराचे जुने येणे बुडाले त्याने नवे देणे आखडते घेतले. बियाण्याला, बैलाला, आजारपणाला लागणारे चार रुपये मिळेनात. आणि जे मिळत ते कर्जरोख्याऐवजी खरेदीखतावर मिळू लागले. सहकारी पतपेढ्या ती पोकळी भरून काढतील अशी जी अपेक्षा होती ती फोल ठरली, कारण त्याही त्याच मंदीने आजारी पडल्या होत्या. तरीदेखील, नोकरशाहीने व बिनकाँग्रेसी सभासदांनी केलेला म्हणून ह्या कायद्याची जी उपेक्षा आपल्या इतिहासलेखकांनी केली आहे ती मला अन्यायाची वाटते. तो कायदा खेड्यातल्या वहीपर्यंत पोचला होता.

१ एप्रिल १९३७ पासून प्रांतिक स्वायत्तता आली. निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला बहुमत मिळाले होते. आरंभी अधिकारग्रहणाचा वाद मिटेपर्यंत डॉ. राघवेंद्र राव यांनी अल्पमतातले मंत्रिमंडळ चालवले, आणि जुलैत नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे प्रांताचे मुख्य प्रधान झाले. लोकांची अपेक्षा काय होती हे सांगावयास नको: सारा कमी, लगान कमी, कर्ज कमी. परंतु ज्या पक्षाच्या तालुका-समित्यांवर मालगुजार, वकील आणि सावकारी करणारे व्यापारी बसले होते, त्या पक्षाला कुळाच्या कैवाराचा कायदा करताना आपल्याच माणसांच्या वह्यांना हात घालावा लागणार होता. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षापुढला धनको सात समुद्रांपलीकडे होता; आमच्या काँग्रेसपुढला धनको पुष्कळदा पक्षाच्या बैठकीत, गादीवर, शेजारीच असे. असल्या प्रश्नावर पक्ष फुटेल असे वाटावे, आणि पक्ष फुटलाही. परंतु ह्या प्रश्नावर नव्हे.

१९३८ च्या जुलैत नागपुरास जे घडले ते मराठी वाचकांना सामान्यतः महाकोशल विरुद्ध महाराष्ट्रीय अशा भाषिक कलहाच्या रूपात परिचित आहे. खातेवाटपावरून आणि परस्परांवरील अविश्वासावरून खरे यांचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता ह्या महाकोशलच्या तिघा मंत्र्यांशी पटेना; पचमढीला मे महिन्यात झालेला समेट टिकला नाही; तेव्हा २० जुलैला खरे यांनी राजीनामा दिला, तिघांनी तो देण्याचे नाकारले, आणि गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ करून दुसऱ्या दिवशी खरे यांच्याच नेतृत्वाखाली नवे मंत्रिमंडळ बसवले. ते दोनच दिवस टिकले. पक्षश्रेष्ठींनी खरे यांना शिस्तभंगाबद्दल दोषी ठरवले, आणि महिनाअखेर शुक्ल मुख्य प्रधान झाले. सिडनीतील गव्हर्नर गेम आणि नागपुरातील गव्हर्नर वायली यांनी सहा वर्षांच्या अंतराने वापरलेले शस्त्र एकच, साम्राज्याच्या त्याच शस्त्रागारातले. पण सिडनीला ते उपसले गेले रोखेधारकाच्या व्याजापायी, आणि त्यावर अखेरचा निर्णय मतदारांनी दिला. नागपुराला ते उपसले गेले खुर्च्यांपायी, आणि निर्णय वर्ध्याला पक्षाच्या कार्यकारिणीने दिला. बालाघाटच्या मराठी माणसाची ह्या प्रकरणात मोठी चमत्कारिक स्थिती झाली असली पाहिजे: बाजार, शाळा आणि सोयरिकी भंडारा-नागपूरकडे, आणि काँग्रेसच्या नकाशात मात्र त्याचा जिल्हा हिंदी महाकोशलात मोडणारा.

शुक्ल मंत्रिमंडळाने १९३९ साली ऋणनिवारणाचा कायदा केला. १९३३ च्या कायद्यात जी गोष्ट सावकाराच्या संमतीवर सोडली होती ती ह्या कायद्याने ऋणनिवारण न्यायालयांच्या हुकमाने करण्याची तजवीज केली. व्याजाला मर्यादा घातली, आणि कर्ज कोणत्या काळात काढले आहे ते पाहून मुद्दलातही घट करण्याचे तत्त्व पत्करले, जेणेकरून चढ्या भावाच्या दिवसांत घेतलेल्या कर्जाला अधिक सूट मिळावी. पैशाचे मोल बदलले असता कराराचा आकडा तसाच ठेवणे हा न्याय नव्हे, ही जी गोष्ट थिओडोर आणि लँग यांना आपापल्या परीने म्हणावयाची होती, ती येथे एका मागासलेल्या गणलेल्या प्रांताच्या कायद्यात फारसा गाजावाजा न होता उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि पुढील काही वर्षांत धानाचे भाव इतके चढले की ज्यांच्यापाशी विकावयास धान होते त्यांची जुनी कर्जे न्यायालयाच्या हुकमापेक्षा बाजारभावानेच फिटली. मँगनीजलाही पुन्हा मोल आले. भरवेलीची खाण चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीची मालमत्ता १९६२ साली सरकारी भागीदारीतील नव्या कंपनीकडे गेली, आणि आज ती ‘मॉइल’ ह्या नावाने नागपुरातून कारभार पाहते.

ऑस्ट्रेलियाने १९८३ साली मजूर पक्षाच्याच राजवटीत आपल्या डॉलरचा भाव बाजारावर सोडला, आणि २००८ ची मंदी आली तेव्हा केविन रड यांच्या सरकारने त्या ऑक्टोबरात १०.४ अब्ज व पुढच्या फेब्रुवारीत ४२ अब्ज डॉलर खर्चण्याच्या योजना काढून कुटुंबांच्या खात्यांत सरळ पैसे भरले व शाळांच्या इमारती बांधावयास घेतल्या. विरोधी पक्षाने दुसऱ्या योजनेविरुद्ध मत दिले, सिनेटमध्ये एका अपक्षाच्या मतावर ती तगली. पण निमायरसारखा कोणी उपदेशक ह्या वेळी आला नाही, आणि सिनेट व बँक दोन्ही शेवटपर्यंत वाटेत आडव्या राहिल्या नाहीत. २००८ सालीच आपल्याकडे केंद्राच्या अंदाजपत्रकात ६०,००० कोटींच्या शेतीकर्जमाफीची घोषणा झाली. तिच्यातली दोन हेक्टरांची अट वऱ्हाडच्या कोरडवाहू कापूसवाल्याला जाचली, कारण त्याची जमीन अधिक आणि उत्पन्न कमी.

मध्य प्रदेशात १७ डिसेंबर २०१८ रोजी कमल नाथ यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाच्या माफीवर सही केली. निवडणूक त्या आश्वासनावर लढवली गेली होती. ते सरकार २०२० च्या मार्चमध्ये पडले, आणि तेही कर्जाच्या प्रश्नावर नव्हे, पक्षातील फुटीमुळे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर जी बंदी आली आणि जी वर्षभराहून अधिक काळ राहिली, ती घालण्याचा वा उठवण्याचा अधिकार भोपाळच्या कोणत्याही पक्षाकडे नव्हता. म्हणून ह्या जिल्ह्यातील वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे की पुढल्या निवडणुकीत जेव्हा कोणी उमेदवार दारी येऊन कर्जाविषयी बोलू लागेल, तेव्हा त्याला धानाच्या भावाविषयी विचारावे, आणि तो भाव ठरवणाऱ्या कोणत्या कागदावर त्याच्या पक्षाची सही चालते तेही विचारावे.